उकिरड्याचे दैव आणि नगराची दृष्टी

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी तरी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. मुंबईने ती शब्दशः खरी करून दाखविली. धारावीलगत, मिठी नदीच्या काठी, जेथे शहराचा कचरा टाकला जात असे, तेथे १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिले झाड लागले. आणि १९९४ साली ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांस खुले झाले. आज तेथे वृक्षांची दाटी आहे आणि पाखरांचा वावर आहे.

या उदाहरणाचा विचार नंदुरबार जिल्ह्याने करावा, अशी वेळ आली आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२१ साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात शहरांतील जुन्या कचऱ्याचे ढीग उपसून जमीन मोकळी करणे, हे एक प्रमुख उद्दिष्ट ठरले. नंदुरबार, शहादे, तळोदे, नवापूर येथील नगरपालिकांपुढेही त्यामुळे हा प्रश्न उभा राहतो की, अशा मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे करावयाचे काय? जमीन मोकळी दिसली की तिच्यावर गाळ्यांचा आराखडा प्रथम तयार होतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. परंतु जेथे कचरा पुरला गेला, तेथे तो वर्षानुवर्षे कुजत राहतो. पेट घेणारा वायू निर्माण होतो, जमीन खचते, झिरपणारे पाणी विहिरी नासविते. तेथे इमारतीपेक्षा उद्यानच अधिक शोभते. आणि तेही ढीग शास्त्रीय रीतीने उपसून, मातीची परीक्षा केल्यानंतरच.

मात्र उद्यान म्हणजे चार बाके, एक कोरडे कारंजे आणि नामावळीची संगमरवरी पाटी, एवढीच कल्पना असेल, तर तो खटाटोप न केलेला बरा. जपानमधील साप्पोरो शहराने आपल्या कचऱ्याच्या भूमीचा आराखडा १९८८ साली इसामू नोगुची या शिल्पकाराच्या हाती दिला. संपूर्ण भूमी हेच एक शिल्प, अशी त्याची कल्पना होती. त्याच वर्षी तो निवर्तला. तरीही नगराने ती कल्पना सोडली नाही आणि २००५ साली मोएरेनुमा उद्यान पूर्ण केले. तेथील टेकडीच्या पोटातही कचराच आहे! आपल्याकडे चंदीगडला नेकचंद या रस्ते-निरीक्षकाने फुटक्या बांगड्या आणि कपबशांच्या तुकड्यांतून जी सृष्टी उभी केली, ती १९७६ पासून लोकांस खुली आहे.

असे कलावंत आपल्याकडे कोठून आणावयाचे, असा प्रश्न ज्यास पडेल त्याने सातपुड्याची होळी एकदा पाहावी. मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे आणि घुंगरू, अंगावर रेखलेली नक्षी यांत जी रंगदृष्टी आणि रचनेची जाण दिसते, ती कोणत्याही कलाशाळेस मान खाली घालावयास लावील. भिल्ल आणि पावरा कारागिरांचे हात बांबूस हवा तो आकार देतात. या हातांना आपण आजवर केवळ मिरवणुकीत आणि स्वागतसमारंभात बोलावीत आलो. त्यांना आराखड्याच्या मेजावर बोलवावे, त्यांच्या कामाचे योग्य मोल द्यावे, आणि निर्णयात त्यांचा शब्द असावा, ही आमची मागणी आहे.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. शहराच्या दारातील ढीग उचलून एखाद्या पाड्याच्या वेशीवर नेऊन टाकला आणि मोकळ्या जागी फुले लावली, तर ते उद्यान नव्हे, ती वंचना ठरेल. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी नागरिकांवर घातले. ते पाळण्यास ना निधी लागतो, ना ठराव. उद्यानाचा पहिला वाफा प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातच तयार व्हावयाचा आहे. तेवढे झाले, तर उरलेल्याचा जाब नगरपालिकेस विचारण्याचा अधिकार नागरिकांस निःसंशय प्राप्त होईल.