घटक-फाइल, सिस्टिमडीमधील
संगणकावर पार्श्वभूमीत अखंड चालू ठेवावयाच्या आज्ञावलींना (उदा., मुद्रण, जालसंपर्क, माहितीसंचय यांच्या आज्ञावली) सेवा म्हणतात. लिनक्स परिचालन प्रणालीत सेवा सुरू करणे, थांबविणे व बंद पडल्यास पुन्हा चालू करणे ही कामे बहुधा सिस्टिमडी हा व्यवस्थापक करतो. एखाद्या सेवेविषयीच्या सूचना ज्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेल्या असतात, तिला घटक-फाइल किंवा यूनिट फाइल म्हणतात.

लेनार्ट पोटरिंग व काय सीव्हर्स यांनी २०१० मध्ये सिस्टिमडीचा आरंभ केला. फेडोरा १५ (२०११) व डेबियन ८ (२०१५) या आवृत्त्यांत ती मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली गेली. तत्पूर्वीच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक सेवेसाठी शेल भाषेत स्वतंत्र आज्ञावली लिहावी लागे आणि तिच्या दुव्याच्या नावातील दोन अंकी संख्येवरून आरंभाचा क्रम ठरे. घटक-फाइलीत काय हवे एवढेच नमूद करतात. ते साधण्याची रीत व्यवस्थापकाकडे असते.

फाइलीतील विभागांची शीर्षके चौकटी कंसांत लिहितात. [यूनिट] विभागात सेवेचे वर्णन व इतर घटकांशी असलेले संबंध, [सर्व्हिस] मध्ये चालवावयाची आज्ञा आणि [इन्स्टॉल] मध्ये सेवा आरंभाच्या कोणत्या टप्प्याशी जोडावयाची ते येते. प्रत्येक ओळीत = या चिन्हाच्या डावीकडे निर्देशाचे नाव व उजवीकडे मूल्य असते. # किंवा ; या चिन्हाने सुरू होणारी ओळ टीप समजली जाते, मूल्यापुढे त्याच ओळीत टीप लिहिल्यास ती मूल्याचाच भाग ठरते. निर्देशाचे नाव चुकल्यास फाइल नाकारली जात नाही. नोंदवहीत इशारा उमटतो व ती ओळ वगळली जाते. त्यामुळे ‘रीस्टार्ट’ या शब्दात एक अक्षर चुकले, तर सेवा व्यवस्थित चालते. ती कोसळल्यावर मात्र पुन्हा उभी राहत नाही आणि चूक तेव्हाच ध्यानात येते.

सर्वांत अधिक गोंधळ होतो तो ‘रिक्वायर्स’ व ‘आफ्टर’ या निर्देशांबाबत. पहिला गरज सांगतो, दुसरा क्रम. माहितीसंचयावर अवलंबून असलेल्या सेवेत केवळ ‘रिक्वायर्स’ लिहिल्यास दोन्ही घटक एकाच वेळी सुरू केले जातात आणि माहितीसंचय तयार होण्यापूर्वीच सेवा त्याच्याकडे विचारणा करून अपयशी ठरू शकते. केवळ ‘आफ्टर’ लिहिल्यास माहितीसंचय मुळात सुरूच होईल याची शाश्वती नसते. म्हणून बहुधा दोन्ही निर्देश लागतात. ‘वॉन्ट्स’ हा गरजेचा सौम्य प्रकार असून त्यात दुसरा घटक अपयशी झाला, तरी मूळ सेवा सुरू होते.

वितरकाने पुरविलेली फाइल प्रत्यक्ष न बदलता प्रशासकाने पूरक फाइल जोडावी, हा चांगला प्रघात होय. अन्यथा पुढील अद्ययावतीकरणात बदल पुसला जाण्याचा संभव असतो. मात्र सूचीरूप निर्देश पूरक फाइलीत पुन्हा लिहिल्यास जुने मूल्य जात नाही, नवे त्यात मिळविले जाते. आरंभाची आज्ञा देणारा ‘एक्झेकस्टार्ट’ बदलताना प्रथम त्याची रिकामी ओळ लिहून जुने मूल्य पुसावे लागते. तसे न केल्यास दोन आज्ञा होतात व ‘वनशॉट’ हा प्रकार सोडून इतर सेवांची फाइल अग्राह्य ठरते. फाइलीतील बदल व्यवस्थापकाने पुन्हा वाचावेत यासाठी ‘डीमन-रीलोड’ ही आज्ञा द्यावी लागते. चालू असलेली सेवा त्यामुळे आपोआप नव्याने सुरू होत नाही.