जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी

२ ऑक्टोबर २०२५ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, ज्या घरांतून शस्त्रपूजेच्या पाटाशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागले आणि त्याच्या पडद्यापाशी झेंडूचे फूल ठेवले गेले, त्यांपैकी पुष्कळ संगणकांच्या नशिबी अवघ्या बारा दिवसांनी सक्तीची निवृत्ती लिहिलेली होती. १४ ऑक्टोबर रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आपल्या दहा वर्षे वयाच्या प्रणालीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या सकाळी बटण दाबताच तो नित्याप्रमाणे सुरू झाला, आणि म्हणूनच झाल्या गोष्टीचे गांभीर्य अनेकांच्या ध्यानी आले नाही. प्रणालीत पुढे जी भोके सापडतील ती बुजवण्याची जबाबदारी कंपनीने सोडली, असा त्याचा अर्थ. नाव नोंदवणाऱ्यांसाठी वर्षभराची मुदतवाढ जाहीर झाली. पण मुदतवाढ म्हणजे आयुष्य नव्हे.

मग नवे विंडोज ११ घ्यावे, असे कोणी म्हणेल. ते जुन्या यंत्रावर बसत नाही, ही खरी अडचण आहे. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासून बाजारात आलेला लागतो. ज्याचा कळफलक शाबूत, पडदा स्वच्छ आणि कामाला अद्याप हरकत नाही असा २०१४ सालचा संगणक या उंबरठ्यावरूनच परत पाठवला जातो. दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो: नवीन घ्या. ज्याच्या घरी एकच संगणक आहे आणि त्यावर दोन मुलांचा अभ्यास चालतो, त्या गृहस्थाला हा सल्ला किती महाग पडतो, हे दुकानदाराने पाहण्याचे कारण नाही. ते आपण पाहिले पाहिजे.

लिनक्सचा विचार येथे करणे प्राप्त होते. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभारी. आणि मालकाने कारभारी बदलला म्हणून वाडा पाडावा लागत नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना मुक्तपणे वापरता, पाहता आणि बदलता येईल अशा प्रणालीचा संकल्प सोडला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतात. तेव्हा लिनक्स हे केवळ तज्ज्ञांचे काम, आपल्या घरी ते कशाला, असे म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा त्याच क्षणी लिनक्स असते!

गोमंतकाला तर हा प्रयोग नवा नाही. या शतकाच्या आरंभी गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट या उपक्रमातून आणि अमेरिकेतील गोमंतकीयांच्या गोवा सुधारोप या संस्थेच्या पुढाकाराने तिकडचे वापरून झालेले संगणक जहाजाने येथे आले आणि शाळांना देण्यात आले. परवान्याचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून त्यांवर लिनक्स बसवण्यात आले. एक बरे यंत्र सर्व्हर करून त्याच्या बळावर वर्गातली दुबळी यंत्रे चालवण्याची युक्तीही त्या वेळी वापरली गेली. केरळने हाच मार्ग सरकारी धोरण म्हणून धरला आणि २०१९ साली तेथील शाळांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी लिनक्सची नवी आवृत्ती दिली. शाळेतल्या मुलांना जे जमते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना जमू नये, असे काही नाही.

किनाऱ्यावर पर्याय तरी आहेत. पणजीत किंवा रत्नागिरीत यंत्र अडले तर दुरुस्त करणारा सापडतो. परंतु बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूरसारखे सीमेवरचे मराठी गाव डोळ्यांसमोर आणावे. जिल्ह्याचे ठिकाण बीदर, रोजचा व्यवहार महाराष्ट्रातल्या उदगीरशीही, आणि कानावर मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू अशा चार भाषा. तेथल्या मराठी मुलाला शाळेत कन्नडही शिकावी लागते. अशा घरातला जुना संगणक निकामी ठरला तर दुसरा येईलच, याची खात्री कोणी द्यावी? म्हणून लिनक्सचा प्रश्न आम्हांला हौशी तंत्रज्ञांच्या चर्चेचा विषय वाटत नाही. मूल फोनच्या वीतभर पडद्यावर निबंध लिहिणार की कळफलकावर, एवढा तो साधा आहे.

नवशिक्याची पहिली फसगत निवड करताना होते. लिनक्सच्या शेकडो आवृत्त्या आहेत आणि प्रत्येकीचा भक्त आपलीच सर्वश्रेष्ठ म्हणून सांगतो. या वादात पडू नये. आधी आपले यंत्र पाहावे. रॅम ४ जीबी किंवा अधिक असेल, तर लिनक्स मिंट घ्यावे. त्याची मांडणी विंडोजच्या जुन्या सवयीला जवळची आहे, आणि यंत्र मंद असेल तर त्याचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडावी. रॅम २ जीबी असेल तर लुबुंटू पाहावे. त्याहून म्हातारे, ३२ बिटांचे यंत्र असेल तर मार्ग अरुंद आहे. उबुंटूने २०१९ मध्ये आणि मिंटने २०२० मध्ये त्यांची साथ सोडली. अँटीएक्ससारखी एखादी आवृत्ती त्यांना अद्याप थारा देते, पण अशा यंत्राकडून आजच्या इंटरनेटची अपेक्षा बेताचीच ठेवावी. सीडॅकने २००७ पासून काढलेली बॉस ही भारतीय आवृत्तीही आहे, आणि तिच्यात आपल्या भाषांची सोय मुळातूनच केलेली आहे. थोडा खर्च करण्याची तयारी असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी बसवावी. यंत्राला जो तरतरीतपणा येतो तो कोणत्याही प्रणालीच्या बदलाने येत नाही. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने मदरबोर्डावर चढलेला गंज मात्र लिनक्सलाही उतरवता येत नाही.

बसवण्याची रीत भीती वाटते तितकी अवघड नाही. अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवून घ्यावी आणि रुफस किंवा तत्सम साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवावी. नुसती कॉपी करून चालत नाही, ही पहिल्या दिवशी हटकून होणारी चूक. संगणक सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी जी कळ त्या यंत्राची असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून चालू करावा. अशा वेळी लिनक्स डिस्कला हात न लावता समोर उभे राहते. ही सोय फार मोलाची आहे. घाई न करता संध्याकाळभर ते तसेच चालवावे. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर बोलतो का, हे पाहावे. विशेषतः प्रिंटर. लहान कार्यालयांतून ठाण मांडून बसलेला कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर बराच हट्ट करतो, हे आधी ठाऊक असलेले बरे.

त्यानंतर एक प्रश्न पुढे येतो: विंडोजच्या शेजारी बसवायचे, की सर्व डिस्क पुसून? आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनी या प्रश्नाचे उत्तर न वाचताच दिले, आणि बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे एका क्षणात गेली. घरात आठवडाभर कोणी संगणकाचे नाव काढले नाही. तेव्हा छायाचित्रे, दाखले, पत्रे यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून आणि ती उघडते याची खात्री करूनच पुढचे बटण दाबावे.

मराठी माणसासाठी आणखी एक सावधगिरी आहे, आणि परदेशी मार्गदर्शिकांतून ती सापडायची नाही. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोड नसतो. तो लिनक्सवर उघडला तर अक्षरांऐवजी चिन्हांचा खच दिसतो. मंडळांची इतिवृत्ते, देवस्थानांचे हिशेब, कोणाच्या आजोबांच्या आठवणी अशा फाइलींत पडून आहेत. विंडोज जिवंत आहे तोवर त्यांचे युनिकोडात रूपांतर करून घ्यावे. मग बसून पस्तावण्यात अर्थ नाही. त्याचप्रमाणे ज्याचा धंदा टॅलीवर चालतो त्याने विंडोजला एकदम निरोप देऊ नये. ते शेजारी ठेवावे, आणि इंटरनेटची कामे लिनक्सवरून करावीत. लिनक्स सर्व दुखण्यांवर औषध आहे, असे आमचे म्हणणे नाही.

मराठी टंकलेखनाची बाजू मात्र उजवी आहे. आयबस या साधनात मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक जोडता येतो, त्यासाठी परवाना लागत नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवलेल्या या कळफलकाची खुबी अशी की, भारतीय लिपींना तो समान आहे: देवनागरीत ज्या कळेवर क आहे, त्याच कळेवर कन्नडातही क आहे, तेलुगूतही क आहे. ठाणाकुशनूरच्या मुलाने एकदा मराठीसाठी बोटे बसवली की कन्नडचा गृहपाठ त्याच बोटांनी लिहून होतो; भाषा बदलायला दोन कळांची जोडी पुरते. पेनड्राइव्ह आठ जीबीचा असला तरी चालेल, आणि बसवण्याचे काम एका रविवारी दुपारच्या जेवणानंतर सुरू केले तर दिवेलागणीपर्यंत उरकते.