तीन पेन्सांचा चहा आणि तेरा वसाहती

१७६३ साली पॅरिसच्या तहाने सप्तवार्षिक युद्ध संपले, तेव्हा ब्रिटनच्या पदरात कॅनडा पडला आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर चढला. युद्धापूर्वी सुमारे साडेसात कोटी पौंडांचे राष्ट्रीय कर्ज आता तेरा कोटींच्या घरात गेले होते. त्यातच उत्तर अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायम ठेवण्याचे ठरले. ज्या वसाहतींच्या रक्षणासाठी हा खर्च होणार, त्यांनी त्याचा काही वाटा उचलावा, हे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचे म्हणणे लंडनमध्ये बहुतेकांना वाजवी वाटले.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तेरा वसाहतींची रीत मात्र वेगळी होती. प्रत्येक वसाहतीला स्वतःची निवडून आलेली प्रतिनिधी सभा होती. रहिवाशांवर कर बसवायचा तो तिनेच. अनेक ठिकाणी गव्हर्नरचा पगारही तीच मंजूर करी. व्यापाराला वळण लावण्यासाठी पार्लमेंट जकात आकारी, ती वसाहतींना मान्य होती. पण निव्वळ उत्पन्नासाठी पार्लमेंटने थेट कर बसवण्याचा प्रघात नव्हता.

मुद्रांकाचा कागद

१७६४ च्या साखर कायद्याने या प्रघाताला पहिला तडा गेला. परदेशी बेटांतून येणाऱ्या उसाच्या मळीवरची जकात गॅलनमागे ६ पेन्सांवरून ३ पेन्सांवर आली. दर निम्मा झाला, तरी बोस्टनचे व्यापारी संतापले. जुनी जकात सर्रास चुकवली जात असे. नवी काटेकोरपणे वसूल होणार होती आणि तिचे खटले ज्यूरी नसलेल्या नौदल न्यायालयांत चालवता येणार होते. शिवाय महसूल गोळा करणे हा आपला हेतू कायद्याने स्वतःच सांगितला होता.

मार्च १७६५ मध्ये मुद्रांक कायदा मंजूर झाला. करारपत्रे, परवाने, वृत्तपत्रे, पंचांगवजा वार्षिके, पत्त्यांचे जोड, सारे काही मुद्रांकित कागदावर हवे. हा कर नेमका वकील, छापखानेवाले आणि व्यापारी यांच्यावर पडला. म्हणजे ज्यांच्याकडे लेखणी आणि शब्द होते त्यांच्यावर. व्हर्जिनियाच्या सभेत पॅट्रिक हेन्री यांनी निषेधाचे ठराव मांडले. ऑगस्टमध्ये बोस्टनच्या जमावाने मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि लोकप्रतिनिधींच्या संमतीशिवाय कर नाही, हे तत्त्व त्यांनी एकत्रितपणे मांडले.

लंडनकडे याला उत्तर होते. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांनाही पार्लमेंटात स्वतःचा सदस्य नव्हता. तरी प्रत्येक सदस्य साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी मानला जाई. मेरीलँडचे वकील डॅनियल ड्युलनी यांनी हा युक्तिवाद खोडून काढला. इंग्लंडमध्ये मत नसलेल्या माणसावर बसणारा कर मतदारावर आणि सदस्यावरही बसतो. अमेरिकेवर बसणारा कर मात्र त्यांचे ओझे हलके करतो. हितसंबंध असे उलटे असतील, तर प्रतिनिधित्व उरते कुठे?

बहिष्काराचा फटका बसलेल्या इंग्लिश व्यापाऱ्यांनीच रदबदली केली आणि १८ मार्च १७६६ रोजी कायदा मागे घेतला गेला. पण त्याच दिवशी दुसरा कायदा संमत झाला: वसाहतींना सर्व बाबतींत बांधील करणारे कायदे करण्याचा पार्लमेंटचा अधिकार अबाधित आहे. कर गेला, हक्काचा दावा राहिला. पुढची सारी वर्षे भांडण याच दाव्याभोवती फिरत राहिले.

पगार, पलटणी आणि चहा

१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. तिच्या उत्पन्नातून गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार भागवण्याची योजना होती. हे साधले असते, तर प्रतिनिधी सभांच्या हातातला लगामच निसटला असता. पुन्हा बहिष्कार सुरू झाला; विलायती कापड टाळण्यासाठी घरोघर बायका सूत कातू लागल्या. १७६८ मध्ये बोस्टनमध्ये पलटणी उतरल्या आणि ५ मार्च १७७० रोजी सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. नेमक्या त्याच दिवशी लंडनमध्ये लॉर्ड नॉर्थ यांनी ही जकात उठवण्याचा प्रस्ताव मांडला. अपवाद एकच, चहा. तत्त्वाची खूण म्हणून पौंडामागे ३ पेन्स कायम राहिले.

या चहाचा एक धागा बंगालपर्यंत पोचतो. १७६९-७० च्या भीषण दुष्काळाने पोळलेल्या बंगालवर राज्य करणारी ईस्ट इंडिया कंपनी १७७२ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर होती आणि तिच्या गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा पडून होता. तिला सावरण्यासाठी १७७३ च्या कायद्याने तो थेट अमेरिकेत विकण्याची मुभा दिली. हा चहा चोरट्या मालापेक्षाही स्वस्त पडणार होता. तरीही तो नाकारला गेला, कारण प्रत्येक घोटाबरोबर पार्लमेंटचा हक्क मान्य झाला असता. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून जहाजे परत फिरली. बोस्टनमध्ये गव्हर्नर हचिन्सन यांनी जकात भरल्याशिवाय ती सोडण्यास नकार दिला, तेव्हा १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या झाल्या.

राजाशी फारकत

शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद झाले आणि मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतले स्वशासन आक्रसले. आता प्रश्न कराच्या पलीकडे गेला. एका वसाहतीची राज्यव्यवस्था बदलता येते, तर उरलेल्या बारांचीही बदलता येईल. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींची काँग्रेस फिलाडेल्फियाला भरली. जॉर्जिया तेवढी बाहेर राहिली. काँग्रेसने ठरवलेला बहिष्कार राबवायला गावोगाव समित्या निघाल्या आणि त्याच हळूहळू सरकारचे काम करू लागल्या. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे रक्त सांडले.

तरीही बहुतेकांचा रोष पार्लमेंटवर आणि मंत्र्यांवर होता, राजावर नव्हता. जुलैमध्ये काँग्रेसने तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज पाठवला. ऑगस्टमध्ये राजाने वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर केले. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेन यांच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने राजेशाहीवरच साध्या भाषेत घाव घातला. २ जुलैला काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव संमत केला, ४ जुलैला जाहीरनामा. जाहीरनाम्यातल्या तक्रारींच्या लांबलचक यादीत संमतीविना कर ही केवळ एक ओळ आहे. बाकी सभांची बरखास्ती, न्यायाधीशांचे परावलंबन आणि शांततेच्या काळातले खडे सैन्य यांसारख्या तक्रारी आहेत. मात्र संमतीचे हे तत्त्व वसाहतींतल्या लाखो गुलामांना लागू झाले नाही, ही त्याची मोठी उणीव.

१७७८ मध्ये पार्लमेंटने महसुलासाठी वसाहतींवर कर बसवण्याचा हक्क कायद्याने सोडून दिला. १७६५ ची मागणी अशी अखेर पुरी झाली. पण तोवर फ्रान्सशी तह झाला होता आणि काँग्रेस स्वातंत्र्याखेरीज कशावरही बोलायला तयार नव्हती. १७८३ मध्ये पॅरिसलाच झालेल्या दुसऱ्या तहाने ब्रिटनने ते मान्य केले.