उमेदवार गटाच्या बैठकीला येतो तेव्हा

विधानसभेची निवडणूक लागली की गावात गाड्या फिरतात, भोंगे वाजतात आणि बचत गटाच्या अध्यक्षांना फोन येतो, "ताई, सभेला पन्नास बायका घेऊन या." आपली गर्दी सगळ्यांनाच हवी असते. म्हणून या प्रचाराचे नियम आपल्यालाही माहीत हवेत.

आधी आमदाराचं काम काय ते पाहू. आपल्या राज्यात २८८ आमदार निवडून येतात. राज्याचे कायदे करणं, अंदाजपत्रक मंजूर करणं आणि सरकारला जाब विचारणं ही त्यांची मुख्य कामं. गावातली गटारं आणि दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचं काम. आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातून तो कामं सुचवतो, पण पैसा सरकारचा असतो. "सभामंडप मी दिला" असं कुणी म्हणालं, तर तो आपल्याच करातून झाला हे लक्षात ठेवा.

आता उमेदवार कोण ते कसं कळेल? अर्ज भरताना प्रत्येकाला शपथपत्र द्यावं लागतं. शिक्षण किती, जमीन-जुमला किती, कर्ज किती, पोलीस केस आहे का, हे सगळं त्यात असतं. ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लावतात आणि मोबाइलवरही पाहता येतं. गुन्हे असतील तर उमेदवाराला प्रचाराच्या काळात ते तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करावे लागतात. गटातल्या शिकलेल्या मुलीकडून सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं वाचून घ्या.

पैशाचंही बंधन आहे. आपल्याकडे एका उमेदवाराला प्रचारावर ४० लाख रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. गाड्या, मांडव, चहा-नाश्ता सगळं त्या हिशेबात धरतात. साडी, भांडी किंवा रोख रक्कम देऊन मत मागणं ही लाच आहे. देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार ठरतात. एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मतदानाच्या दिवशी उमेदवाराच्या गाडीतून मतदारांना केंद्रावर नेणंही चालत नाही. मतदान संपायच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. रात्री वाटप चाललेलं दिसलं तर सी-व्हिजिल ॲपवर फोटो पाठवता येतो, नाव न देताही. १९५० या नंबरवर फोनही करता येतो.

सगळ्यात जास्त भीती घातली जाते ती मताची. "गटाची मतं आम्हाला पडली नाहीत तर कर्ज बंद होईल," असं कुणी कानात सांगतं. मैत्रिणींनो, कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली हे निकालानंतर कळतं. पण तुमचं मत कुणाला गेलं, हे कुणालाच कळत नाही. यंत्राशेजारी काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती तुम्हालाच, आणि मग आतल्या पेटीत पडते. गटाचं कर्ज बँक देते. ते परतफेड आणि वह्यांचा चोख हिशेब पाहून मिळतं. तेव्हा गटाच्या नावाने कुणाला पाठिंबा देऊ नका. दहा बायकांचं मत दहा जणींचं असतं. गटाचा पैसाही प्रचारात जाता कामा नये.

उमेदवार बैठकीला आला तर मात्र त्याला जरूर बसवा. सगळ्याच पक्षांच्या उमेदवारांना सारखा वेळ द्या आणि प्रश्न ठरवून ठेवा. उपकेंद्रात नर्स कधी मिळेल? मुलींच्या शाळेच्या वेळेला एस.टी. येईल का? रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळावी म्हणून काय करणार? तो आधी आमदार असेल तर विचारा, "आमचा कोणता प्रश्न तुम्ही अधिवेशनात मांडलात?" उत्तर तारखेसह वेगळ्या वहीत लिहा. पाच वर्षांनी ती वही पुन्हा उघडायची आहे.

आणखी एक. जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायकांना आहेत. विधानसभेत मात्र २०२४ साली २८८ पैकी फक्त २१ जणी निवडून आल्या. पंचविशी पूर्ण झालेली, मतदार यादीत नाव असलेली बाई उभी राहू शकते. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला ५,०००. अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक लागतात. एका गटात तेवढ्या जणी असतातच.

पुढच्या बैठकीत यावर बोला.