पटावरचं नाव जातं कुठे?

दोस्तांनो, आज आजोबांना त्यांची जन्मतारीख विचारा. बरेचदा उत्तर येईल, १ जून! शेजारच्या आजोबांचीही १ जूनच. एवढी मंडळी एकाच दिवशी कशी जन्मली? अहो, पूर्वी आईवडिलांना नक्की तारीख ठाऊक नसे. मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि १ जून लिहून मोकळे होत. पुढे नोकरी आणि पेन्शन त्याच तारखेवर!

ही नोंद असते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. आता तिच्या जोडीला संगणक आलाय. प्रत्येक शाळेला ११ आकडी 'यूडायस' क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. हिंगोली जिल्ह्यातल्या शाळेचा क्रमांक २७१६ ने सुरू होतो. आधी यात शाळेची नुसती बेरीज जायची. २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची वेगळी नोंद होते.

याचा उपयोग काय? हिंगोलीतली काही कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुलंही बिऱ्हाडाबरोबर निघतात. अशा मुलांना शाळेने 'शिक्षण हमी पत्रक' द्यायचं असतं. ते दाखवलं की जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येतं.

खरी गोची होते दहावीनंतर. शाळा सोडलेल्या मुलाची नोंद 'ड्रॉपबॉक्स' नावाच्या खान्यात जाते. नव्या शाळेने ती उचलली, की मूल पुन्हा पटावर. आणि कुणीच उचलली नाही तर? समजा, वर्गातल्या दोन मुली त्या खान्यात राहिल्या. एक आयटीआयला गेलीय. तिथले प्रवेश वेगळं खातं बघतं. दुसरी घरीच बसलीय, तिच्या लग्नाची बोलणी चाललीत. कुणी चौकशी करेपर्यंत संगणकाला दोघी सारख्याच!

म्हणून ही यादी कधी हातात येते, ते महत्त्वाचं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. प्रवेश चालू असतानाच यादी मिळाली आणि सर किंवा बाई त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या, तर तिचा अर्ज भरता येतो. वर्षभराने गळतीचा टक्का अहवालात छापून आला, तर तो तिच्या काय कामाचा? आमच्या मते आकडे गोळा करण्यात आपण पटाईत झालोय. घरोघरी जाण्यात मात्र मागे आहोत.

शिवाय आता जिल्ह्यातच मोठं काम उभं राहतंय. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०२३ मध्ये मंजुरी दिली. अशा ठिकाणी शास्त्रज्ञ लागतात, तसे इलेक्ट्रिशियन आणि फिटरही लागतात, बरं का!

तेव्हा नववी-दहावीच्या मंडळींनो, परीक्षेचा अर्ज भरण्याआधी रजिस्टरमधलं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून बघा. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते. आणि पालकहो, मोबाइल नंबर बदलला असेल तर शाळेत कळवा. जून-जुलैत बाई त्याच नंबरवर फोन लावणार आहेत.