वाळवणाचं ऊन

कुरडईचा नाद मला जुना. खाण्याचा कमी, ती घरांतून गेली कशी हे शोधण्याचा जास्त. ‘आता तसं ऊनच राहिलं नाही’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये ते टिकत नाही. मे ते सप्टेंबर तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. वळवाची सर आली की पुण्याच्या गच्चीवर जी पळापळ होते, ती तिथल्या मराठी घरांच्या वाट्याला येत नाही. दुपारी खाडीवरून वारा सुटतो, तेवढे चादरीच्या कोपऱ्यांवर दगड ठेवावेत.

या उन्हात पूर्वी वाळवणं होतही होती. फ्रीमाँट १९५६ साली पाच गावं जोडून झालं. टेस्लाचा कारखाना आणि त्या पाचांतल्या नाइल्समधले चॅप्लिनचे मूकपट सगळ्यांना ठाऊक असतात. मी रमलो तो त्याच नाइल्समधल्या जॉन रॉक या जर्मन रोपवाटिकावाल्यापाशी. १८८४ मध्ये त्याने आपली कॅलिफोर्निया नर्सरी कंपनी तिथे हलवली. तिथून सांता क्लारा खोऱ्यापर्यंत फळबागाच होत्या, आणि त्यांत जर्दाळू. ब्लेनहाइम जातीचं फळ इतकं नाजूक, की ताजं लांब पाठवायची सोय नाही, म्हणून वाळवण. उन्हाळ्यात बायका-मुलं शेडमध्ये बसून फळ दुभागत, बी काढत, कापलेली बाजू वर ठेवून फोडी लाकडी ट्रेवर मांडत. मग गंधकाची धुरी, मग ऊन. पाच-सहा किलो फळातून किलोभर सुका जर्दाळू. तिथल्या मुलांना पेटीमागे मजुरी. आपल्या मुलांना चिकाची वाटी.

तो चीक म्हणजे खरी परीक्षा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग वाटून फडक्यातून पिळायचे, चोथा बाजूला. रात्रभरात चीक तळाशी बसतो, वरची निवळ ओतून द्यायची. मीठ-हिंगाच्या आधणात एकीने चीक ओतायचा, दुसरीने ढवळायचा. गुठळी राहिली की सोऱ्यात अडकलीच. आणि पाडायचं ते गरम असतानाच, गार चीक सोऱ्याला दाद देत नाही. कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’त (१९७०) वाटी-चमच्याची मापं देऊन परदेशी निघालेल्या कितीतरी मुलींची सोय केली. पहाटे मदतीला येणाऱ्या शेजारणी कुठून द्यायच्या?

जर्दाळूही हातांच्या कामापायीच मागे पडला. मालत्याचा तुर्की जर्दाळू अख्खा वाळतो, बी दाबून बाहेर काढतात. फळ कापत बसायला नको. तो स्वस्त पडला. गोडही आहे, पण ब्लेनहाइमची आंबटगोड चव त्याला नाही, हे माझं ठाम मत. तिकडे कॅलिफोर्नियात बागांच्या जमिनींना घरांचा भाव आला, मग कोण वाळवतंय!

पापड मात्र वाचला. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. पापडाचं पीठ घरोघरी लाटायला वाटून देता येतं. उकळता चीक कसा वाटणार? त्याला सगळ्या एका चुलीभोवतीच हव्यात. बचत गटांना ते जमतं, म्हणून कुरडई आज पाकिटात मिळते. तळली की फुलतेही छान. पण चीक पाकिटात येत नाही, आणि उरल्या चोथ्याच्या भुसवड्या मला तरी कुठल्या दुकानात दिसलेल्या नाहीत.

माझं ऐकाल तर फ्रीमाँटच्या चार घरांनी मिळून जुलैत दोन किलो गहू भिजवावेत. कुरडया नाहीच जमल्या, तर चीक दूध-साखर घालून तिथेच संपवावा.