छोट्या हत्तीचा खुराक

हैदराबादच्या बेगम बाजारात पहाटे फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. अरुंद गल्ल्यांतून लहान मालमोटारी एकमेकींस खेटून उभ्या असतात. कुणात तांदळाची पोती, कुणात तेलाचे डबे, कुणात स्टीलची भांडी. बोवेनपल्लीच्या भाजीबाजारातही तीच गर्दी. या लहान मालमोटारीला लोकांनी ‘छोटा हाथी’ असे लाडके नाव दिले आहे. पुष्कळदा गाडीचा मालक हाच तिचा चालक असतो, आणि तिच्या चार चाकांवर एक अख्खे कुटुंब चालत असते. आमच्या शाळेतील काही विद्यार्थ्यांची घरेही याच व्यवसायावर उभी आहेत. गाडीचा हप्ता, विमा, दुरुस्ती हे खर्च ठरलेले. भाडे बाजार ठरवितो, डिझेलचा भाव सरकार व तेलकंपन्या ठरवितात. मग मालकाच्या हाती उरते काय? लिटरमागे गाडी किती पळते, एवढेच. म्हणून या लेखात त्या एका गोष्टीचा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

आरंभी थोडा इतिहास सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. १९७३ आणि १९७९ साली जगात खनिज तेलाचे भाव कडाडले. त्यानंतर कमी इंधनात अधिक माल वाहणाऱ्या हलक्या मालमोटारी हव्यात, असे आपल्या देशात सर्वांस वाटू लागले. त्यातून १९८० नंतरच्या दशकात चार जपानी कंपन्यांच्या सहकार्याने चार भारतीय उद्योग उभे राहिले: डी.सी.एम. टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा आणि ऑल्विन निस्सान. यांतील चौथा तर आपल्या घरचाच. शीतकपाटे, घड्याळे आणि बसगाड्यांचे सांगाडे बनविणाऱ्या हैदराबाद ऑल्विनचे ते अपत्य. मुंबईच्या वाटेवरील जहीराबाद येथे त्याचा कारखाना होता. पुढे तो महिंद्रा कंपनीकडे गेला. डी.सी.एम. टोयोटा हे नावही केव्हाच लोपले. परंतु हैदराबादेत मध्यम आकाराच्या कोणत्याही मालमोटारीला लोक आजही ‘डीसीएम’च म्हणतात! खुद्द छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, आला तो २००५ साली. पुण्याच्या अभियंत्यांच्या ज्या चमूने तो घडविला, त्याचे नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होते. वाघाने हत्ती घडविल्याचे हे उदाहरण विरळाच. दोन सिलिंडरांचे, सुमारे सातशे घनसेंटिमीटरचे आणि सोळा अश्वशक्तीचे ते डिझेल इंजिन पाऊण टन माल ओढू लागले.

आता मुख्य विषय. एक लिटर डिझेल जाळले असता सुमारे ३६ मेगाज्यूल, म्हणजे तीन कोटी साठ लक्ष ज्यूल उष्णता मिळते. ही सर्व उष्णता चाकापर्यंत पोहोचती, तर गाडी कितीतरी पळती! परंतु उष्णतेचे कार्यात रूपांतर करताना निसर्ग आपली पट्टी वसूल केल्यावाचून सोडीत नाही. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, तेव्हा त्याने इंधनातील सुमारे २६ टक्के शक्ती कामास लावली. आणि हा त्या काळचा मोठाच पराक्रम होता. आजची इंजिने याहून सरस आहेत. तथापि शहरातील थांबत-चालत होणाऱ्या प्रवासात चाकापर्यंत एक चतुर्थांश शक्ती पोहोचली, असे धरून चालल्यास फारशी चूक होणार नाही. बाकीची शक्ती धुराड्यातून, रेडिएटरमधून आणि घर्षणातून निघून जाते. म्हणजे आपल्या हाती आले नव्वद लक्ष ज्यूल. चालकाचे सारे कौशल्य एवढ्यापुरतेच.

ही शक्ती कशात खर्च होते? टायर रस्त्यावर दबून पुन्हा फुगण्यात, समोरची हवा ढकलण्यात, चढ चढण्यात, आणि थांबलेल्या गाडीस पुन्हा वेग देण्यात. यांपैकी शेवटच्या खर्चाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून त्याचे गणित आपण करून पाहू. मालासह गाडीचे वजन दीड टन, म्हणजे १५०० किलोग्रॅम. तिचा वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर. वस्तुमानाच्या निम्म्यास वेगाच्या वर्गाने गुणावे, हे सूत्र नववीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. ७५० गुणिले २२५ बरोबर १,६८,७५० ज्यूल. लिटरमागे नव्वद लक्ष ज्यूल या हिशोबाने यास सुमारे १९ मिलिलिटर डिझेल लागले. घरातील चहाच्या चमच्याने मोजल्यास जवळजवळ चार चमचे. चालकाने ब्रेक दाबला की हे चार चमचे ब्रेकच्या उष्णतेत विरून जातात, आणि पुन्हा तोच वेग घ्यावयाचा तर आणखी चार चमचे ओतावे लागतात. दिवसात असे पन्नास प्रसंग आले, तर जवळजवळ एक लिटर नुसते ब्रेक तापविण्यात गेले. याच गाडीने ताशी ३६ किलोमीटरचा वेग घेतला असता, तर खर्च ७५,००० ज्यूल, म्हणजे सव्वाआठ मिलिलिटर. वेग दीडपट होताच खर्च सव्वादोनपट झाला.

यावरून उत्तम चालक कोण, हे सहज ओळखता येते. दूरवर लाल दिवा दिसताच तो पाय उचलतो आणि गाडीस तिच्याच वेगाने सावकाश पुढे जाऊ देतो. तो पोहोचेतो दिवा हिरवा झाला, तर पूर्ण थांबण्याचा प्रसंगच येत नाही. दुसरा चालक लाल दिव्यापर्यंत धावत जातो आणि तेथे करकचून थांबतो. दोघेही पुढच्या चौकात बहुधा एकाच वेळी पोहोचतात. शहरात ही एक सवय बाकी सर्व युक्त्यांपेक्षा मोलाची आहे, असे आमचे मत आहे.

हैदराबाद हे खडकांचे आणि चढउतारांचे शहर. दीड टनाची गाडी तीस मीटर उंचीचा चढ चढली, तर तेवढ्यासाठीच जवळजवळ ५० मिलिलिटर डिझेल खर्ची पडते. ही उंचीची ठेव उतरताना परत मिळावी, या हेतूने पुष्कळ चालक उतारावर गाडी ‘न्यूट्रल’मध्ये सोडतात. त्यामागील समज असा की, गिअर काढला म्हणजे इंधन वाचले. आजच्या इंजिनांच्या बाबतीत हा समज खोटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर चाकेच इंजिन फिरवितात आणि इंधनाचा पुरवठा पूर्णपणे बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनास स्वतःच्या बळावर फिरत राहावे लागते आणि त्यासाठी डिझेल जळतच राहते. जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांत गोष्ट वेगळी होती. त्या काळची रीत गुरूकडून शिष्याकडे चालत आली एवढेच. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर सुटतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. कुणी इंजिनच बंद करील, तर ब्रेकला मदत करणारी निर्वात यंत्रणा दोन-तीन दाबांतच निकामी होते आणि पाय कितीही रेटला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. चमचाभर डिझेलसाठी भरलेली गाडी अशी मोकाट सोडणे, याला काटकसर म्हणवत नाही.

टायरसंबंधीही असाच एक समज आहे. मे महिन्यात डांबरी रस्ता तापला की टायर फुटू नये म्हणून काही जण मुद्दाम हवा कमी करतात. वास्तविक हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, अधिक वाकतो, आणि त्यामुळेच अधिक तापतो. म्हणजे फुटण्याचा धोका उलट वाढतो, आणि डिझेलही अधिक लागते. हवेचा योग्य दाब गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेला असतो. भरलेल्या गाडीस मागच्या चाकांत तो अधिक लागतो. दाब मोजावयाचा तो सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसणारच; तो पाहून हवा सोडू नये.

हवेचा रोध गावात फारसा जाणवत नाही. परंतु जहीराबाद किंवा सोलापूरच्या वाटेला लागल्यावर तोच मुख्य शत्रू ठरतो. वेग दुप्पट झाला की हा रोध चौपट होतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटरने गेल्यास तो जवळजवळ निम्म्यावर येतो. माल चालकाच्या कक्षाहून उंच रचला, किंवा ताडपत्री सैल राहून फडफडू लागली, तर तोही खर्च डिझेलमधूनच वळता होतो. अमेरिकेत उघड्या हौद्याच्या गाडीचा मागचा फाळका पाडून ठेवावा की लावून ठेवावा, यावर मोठा वाद झालेला आहे. वातबोगद्यातील प्रयोगांत दिसून आले ते असे: फाळका लावलेला असता हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि बाहेरची हवा त्याच्यावरून सरकत निघून जाते. तेव्हा फाळका पाडून काही लाभ नाही.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे हा तर सरळ तोटा. लहान डिझेल इंजिनही असे तासभर चालले, तर साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक इंधन पिते. माल चढत-उतरत असताना ते बंदच असावे. काळा धूर म्हणजे पुरते न जळलेले डिझेल, हेही ध्यानात ठेवावे. बहुधा हवेची गाळणी तुंबलेली असते. प्रवास संपल्यावर एखाद्या चाकाचा मधला भाग इतरांहून फार गरम लागला, तर तेथे ब्रेक चिकटला आहे असे समजावे.

एवढे सर्व केल्यावर लाभ झाला की नाही, हे कसे कळावे? ‘माझी गाडी अमुक देते’ हे बाजारातील बोलणे प्रमाण मानता येत नाही. शिवाय लिटरमागे किलोमीटर हे मापच थोडे फसवे आहे. महिन्यास २००० किलोमीटर धावणारी एक गाडी लिटरला १६ ऐवजी २० किलोमीटर देऊ लागली, तर १२५ लिटरांच्या जागी १०० लिटर लागतील. बचत २५ लिटरांची. तेवढीच धावणारी एक मोठी ‘डीसीएम’ ८ ऐवजी १० देऊ लागली, तर २५० च्या जागी २००. बचत ५० लिटरांची! वाढ निम्मी आणि बचत दुप्पट. हे कोडे आम्ही वर्गात घातले असता पुष्कळांची उत्तरे चुकली. जो दोन गाड्या बाळगतो, त्याने आधी अधिक खाणाऱ्या गाडीकडे लक्ष पुरवावे, हे यातून निघते. हिशोबासाठी लिटरचे शंभर रुपये धरले, तर पन्नास लिटर म्हणजे पाच हजार रुपये. मुलाच्या वर्षभराच्या वह्या-पुस्तकांना तेवढे पुष्कळ झाले.

मोजण्याची रीत अगदी साधी आहे आणि ती घरातील शाळकरी मुलालाही जमेल. एकदा टाकी पूर्ण भरावी आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. पुन्हा भरताना त्याच पंपावर, पंपाची नळी आपोआप बंद पडेपर्यंत भरावे. किती लिटर गेले आणि आकडा किती झाला, ते लिहावे. एका खेपेवर निष्कर्ष काढू नये. चार-पाच खेपांची बेरीज करावी, कारण कधी गाडी रिकामी परतलेली असते, कधी रस्ता तुंबलेला असतो. इंधनाच्या नळीस बांधावयाची चुंबके आणि टाकीत टाकावयाच्या गोळ्या विकणारे लोक बाजारात भेटतात. त्यांची वस्तू घेण्यापूर्वी ही वही त्यांच्यापुढे ठेवावी आणि पाच टाक्यांचा हिशोब होईपर्यंत पैसे थांबवाल काय, असे विचारावे.